मास्तरांचं तिसरं विमान

मास्तरांचं रिमोटवरचं पहिलं विमान उडालं आणि लगेच पडलं. दुसऱ्याचं, ये रे माझ्या मागल्या. पहिल्याच्या वेळी खापर वाऱ्यावर फुटलं, दुसऱ्याच्या वेळी बॅटरीवर. चाळीस वर्षं कोट शिवून मशीन बंद केलेला हा माणूस, पण स्वस्थ बसेल तर शपथ! तिसरं विमान टेबलावर आकार घेऊ लागलं, तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं, "हे पडलं की रिमोट भंगारात. चौथं विमान या घरात होणार नाही."

मास्तरांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी रिसीव्हर नवा घेतला, तारा बदलल्या, पंखावरच्या फळ्या हलवणाऱ्या इवल्या मोटरा एकेक करून तपासल्या. दोष म्हणून सापडेना. शेवटी मैदानावर त्यांनी विमान बायकोच्या हातात दिलं, पुढचा पंखा काढून घेतला आणि तीस पावलं दूर गेले. लांबूनही हुकूम पोचतो का, ते पाहायचं होतं. विमानाचं नाक त्यांच्याकडे होतं.

"आता उजवीकडे!" त्यांनी रिमोटची दांडी ढकलली. "उजवी फळी वर उचलली, बरोबर!"

"अहो, उजवी तर खाली गेली."

"मला इथून स्पष्ट दिसतंय, वर गेली!"

"तुम्हाला दिसतेय ती विमानाची डावी." बाईंना हसू आवरेना. "गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा उजवा हात कुठे असतो हो? जन्मभर बाह्यांची मापं घेतलीत ना?"

मास्तर मटकन गवतात बसले. काखेत कळसा! दोन्ही विमानं त्यांनी अशीच नाकासमोर उभं राहून तपासली होती. दांडी उजवीकडे, विमान डावीकडे. बिचारी पडतील नाही तर काय? रिमोटच्या मागे हुकूम उलटवायचा नखाएवढा खटका होता. तो त्यांनी सरकवला. मग विमानाच्या शेपटीमागे जाऊन चार वेळा पाहिलं, बायकोलाही दाखवलं आणि पंखा परत बसवला.

विमान गवतावरून धावलं आणि उठलं. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे, डावीकडे म्हटलं की डावीकडे! मास्तरांचे डोळे आनंदाने भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

"अगं, वळतंय! वळतंय बघ!"

"दिसतंय मला. आता उतरवून दाखवा."

मास्तरांचा चेहरा उतरला. "उतरवायचं कसं, ते कुठे शिकलोय? आजवर तशी वेळच आली नाही."

बाई पोट धरून हसल्या. "बॅटरी किती वेळ चालेल?"

"दहा मिनिटं."

"मग फिरवा तोवर," त्या वर बघतच म्हणाल्या. "पडलं तर आपण चौथं बनवू."