बेड्यावरच्या पोरीची नोंद

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता एकमेकांत मिसळली आहेत. कौंडण्यपूरच्या जत्रेतलं ते लेकरू मात्र लख्ख आठवतं, आणि आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बंदोबस्तावर असताना खबर मिळाली, एका पारधी बाईच्या कडेवर गोरीपान पोरगी आहे, चोरीची दिसते. पोरगी दोनेक वर्षांची. बाईजवळ जन्माचा दाखला नव्हता. तेवढ्यावर मी लेकरू ताब्यात घेतलं आणि बालकल्याण समितीच्या आदेशाने ते अमरावतीच्या बालगृहात गेलं. मूल हरवल्याची तक्रार कुठेच नव्हती, हे मी नंतर पाहिलं. आधी लगीन, मग मुहूर्त!

दुसऱ्या दिवशी आई ठाण्यात आली. सोबत फुलं विकणारी एक माळीण. दुकान आटोपून ही रोज पारध्यांच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, पोरांना शिकवायची. भावकी तिला हसायची, आम्हीही हसायचो.

डीएनए अहवालाला महिने लागणार होते. तोवर पोरगी आईला विसरली असती. मी आईची चौकशी सुरू केली.

"पोरगी कुठं जन्मली?"

"पालात."

"कधी?"

"तुरी सोंगून राहिलो होतो तवा."

"साक्षीदार कोण?"

"तुमचाच शिपाई. माह्या नवऱ्याले पाहाले आल्ता."

तिचा नवरा आमच्या संशयितांच्या यादीत होता. तो घरी आहे का, हे पाहायला दर आठवड्याला शिपाई जायचा.

माळीण म्हणाली, "साहेब, त्याले चोर म्हनाले कागद लागला नाही. हे सोताले माय म्हनते तं कागद पायजे. असं काहून? आता तुमचंच रजिस्टर काढा."

काढलं. शिपायाच्या वेड्यावाकड्या अक्षरात होतं : 'इसम घरी हजर. पत्नी आज बाळंत, मुलगी. संशयास्पद काही नाही.'

ती नोंद घेऊन मी स्वतः समितीपुढे उभा राहिलो. पोरगी आईकडे आली तेव्हा रडलीसुद्धा नाही, नुसती गळ्याला चिकटली. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. मी माफी मागायला हवी होती. वर्दीत ते जमलं नाही.

माळणीने त्याच नोंदीची नक्कल मागून पुढे जन्माचा दाखला काढला. कोणाला संशयित म्हणण्याआधी आपलं रजिस्टर नीट वाचावं, एवढं मी शिकलो. त्या पोरीबद्दल सरकारने केलेल्या पहिल्या नोंदीचा शेवट 'संशयास्पद काही नाही' हाच होता, आणि ती आमच्याच कपाटात पडली होती.