लॉट म्हणजे काय

भोसरीच्या आमच्या वर्कशॉपमध्ये माल तपासणाऱ्या ताईंना इंग्रजी शब्दांची मुळं शोधायची खोड होती. बोलायच्या मात्र अस्सल गावाकडचं, सावकाश.

एकदा गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरनं आम्ही बनवलेल्या लोखंडी पिनांच्या ढिगातल्या दोन उचलल्या. दोन्ही खराब निघाल्या.

"सगळा लॉट परत," तो म्हणाला.

ताई उठल्या. "सायेब, लॉट म्हंजी आधी नशीब काढायचा लाकडी तुकडा. मग त्यानं वाट्याला आलेला माल, अन् शेवटी ढीग. तुमी निस्तं नशीब काढलं. ढीग कुठं बघितला?"

मग त्यांनी उभ्यानं एकेक पिन माप तपासायच्या गेजमध्ये घालून दाखवली. शिफ्ट संपली तरी कुणी हललं नाही. आणखी एकही खराब निघाली नाही. इंजिनिअरनं माल घेतल्याच्या कागदावर सही केली आणि आम्ही छताचे पत्रे दणाणतील एवढ्या टाळ्या वाजवल्या. ताई पहिल्यांदाच आमच्यासमोर खळखळून हसल्या.