ब्रूनोचा फेरफटका

"अवं, कुत्रं फिरवायला सांगितलं हुतं का त्याची सालटी काढायला?" सिंधूबाईने ब्रूनोचा पंजा उचलून नवऱ्याच्या तोंडासमोर धरला. तळव्याची गादी सोलून लाल झाली होती. कुत्रं कण्हलं.

"किती फिरवायचं ह्ये मला शिकवती व्हय?" हौशीराम खाटेवरून हलला नाही. "धनगराच्या पोटचा हाय मी. आमच्या आज्याची कुत्री मेंढरांमागं दिस दिस चालायची."

आज्याने मेंढरं राखली, बापाने ती विकून विहीर पाडली आणि हौशीरामने दोघांच्या नावावर एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर बसायचं काम पत्करलं होतं. मार्केट यार्डात जायचं तरी त्याला लूना लागे. जन्मात एक मेंढरू त्याने हाकलं नव्हतं. पण चहाचा दुसरा कप आला की त्याच्या अंगात सगळे पूर्वज एकदम उभे राहत.

ब्रूनो मेहेंदळेबाईंचा. बाईंचे यजमान रांजणगावच्या कारखान्यात साहेब. सिंधूबाई त्यांच्याकडे पोळ्या करायची आणि त्याच कामावर हे घर उभं होतं. मे महिन्यात गावी जाताना बाईंनी कुत्रं तिच्या हवाली केलं. "ऊन चढायच्या आत नदीपर्यंत, कलल्यावर पुन्हा तेवढंच. जीभ लोंबायला लागली की माघारी फिर. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही," त्या म्हणाल्या होत्या.

आज सिंधूबाईला बहिणीच्या सुनेच्या डोहाळजेवणाला दौंडला जावं लागलं. निघताना तिने हे सगळं नवऱ्याला दोनदा ऐकवलं. त्याने मान हलवली आणि भर दुपारी कुत्र्याला कर्ड्याच्या माळावर नेलं. तिथे चुलतभावाचा मेंढरांचा वाडा तळ टाकून बसला होता. साहेबाचं कुत्रं आपल्या हाताखाली आहे, हे भावाला दाखवायचं होतं.

"कर्ड्याच्या माळावर? एवढ्या लांब? डांबरावरनं?"

"मग! मी बी चाललोच की त्याच्यासंगं."

सिंधूबाईने त्याच्या पायांकडे पाहिलं. टाचा लग्नातल्या नवरदेवासारख्या स्वच्छ होत्या.

"तुमी चाललात?"

"पावलाला पाऊल लावून."

चुलीपुढून अनसाबाईला लेकाचा हा छळ पाहवेना. "सिंधे, कुत्र्याचं पाय बघतीस, माझ्या लेकाचं हाल बघ की! येवढ्या उन्हात लूना हाणून हाणून मनगटं सुजली त्याची. त्यात त्ये कुत्रं मागनं सारखं दोरी वढायचं!"

हौशीरामने आईकडे असं पाहिलं, की म्हातारीने भाकरी उलटायची सोडून दिली.

सिंधूबाई अंगणात गेली. लूनाच्या कॅरिअरला ब्रूनोची दोरी अजून गाठ मारून लोंबत होती. ती सोडून आत आली.

"शेवटाला मी गाडीवर घेतलंच की त्याला," हौशीराम पुटपुटला. "बसतच न्हवतं निवांत."

"व्हय. सीट मऊ न्हवती ना."

"बाईला सांगू काटा मोडला म्हनून," अनसाबाई म्हणाली. "काम ग्येलं तर खायाचं काय?"

तोच विचार सिंधूबाईच्या मनात मघापासून दोनदा येऊन गेला होता. सासूच्या तोंडून ऐकला तेव्हा तिला त्याची किळस आली. तिने पातेल्यात पाणी घेतलं, हळद-मीठ टाकलं आणि ब्रूनोचा पाय त्यात धरला. कुत्र्याने तिचा हात चाटला. एवढं झाल्यावरही. त्या चाटण्याने तिला नवऱ्याच्या बढाईपेक्षा जास्त राग आला.

पाय पुसून ती उठली. लूनाची चावी खुंटीवरून काढली आणि कमरेला खोचली.

"ऐका सगळ्यांनी. बाईंना मी आत्ता एसटीडीवरनं फोन करनार, आन् झालं तसं सांगनार. काम राहील न्हाईतर जाईल. ब्रूनो बरा होईस्तवर खाटंवर झोपंल, तुमी खाली. आन् रोज सकाळी त्याला गुरांच्या दवाखान्यात तुमी न्यायचं. खांद्यावर. चालत."