बैलाचं वकीलपत्र

मंडळी, आज घडलेलं आजच सांगते. मी धारूरला वकिली करते. उद्या पोळा, म्हणून लवकर कामं उरकून गावी आले. तात्या, म्हणजे माझे चुलते, खांदेमळणी करत होते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला रीतसर जेवणाचं आवतन देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

मी सहज म्हटलं, "तात्या, आज कोर्टात वकिलांचा वाद रंगला होता. जनावरांनाही कायद्यानं व्यक्ती मानून हक्क द्यावेत का म्हणून."

मला वाटलं, हसतील. पण ते म्हणाले, "त्यात नवीन काय हाय? आपल्या महादेवाच्या नावानं सातबारा हायच की. देव कधी तलाठ्याकडं गेलता का? त्याच्या वतीनं पुजारी सही करतो."

"मग बैलाच्या वतीनं कोण करणार?"

"मालक. म्हंजे मीच."

बोलता बोलता त्यांचा हात थांबला. जू बसतं तिथं कातडं सोललं होतं. पिकातलं तण काढताना, कोळपणीत झालेली जखम, आज हळद लावताना दिसली. बैलानं खांदा बाजूला घेतला.

तात्या जखमेकडं बघत म्हणाले, "अन् ह्याला माझ्यावरच केस करायची आसंल तर? तू घेशील ह्याचं वकीलपत्र?"

मी तुपाची वाटी त्यांच्यापुढं धरली.

उद्या तो आमचा पाहुणा आहे. जखम भरली की पुन्हा औताला. खरं सांगा, घरच्याच माणसाविरुद्ध तुम्ही त्याच्या बाजूनं उभे राहिला असता का?