करवत घेऊन मुरुडला

मुरुडला लोक समुद्र बघायला जातात. मी गेले द्राक्षाची वेल बघायला, तीही पिशवीत टॉवेलात गुंडाळलेली छाटणीची करवत घेऊन.

माझी मोठी बहीण मुरुडला दिलेली. तिच्या लग्नानंतर बाबांनी नाशिकहून येऊन तिच्या अंगणात एक जंगली खुंट लावला आणि पुढच्या वर्षी त्यावर आमच्या काळ्या, बियांच्या द्राक्षाचं कलम भरलं. मुरुडच्या दमट हवेत द्राक्षं आंबटच यायची. बाबा मात्र दर वर्षी ताईसमोर मूठभर खायचे, पण तोंड कधी वाकडं केलं नाही. पुढे बाबा गेले, मागोमाग भावाने द्राक्षबाग उपटून टाकली आणि आमची म्हणावी अशी ही एकच वेल उरली. फेब्रुवारीत ताईचा फोन आला की वेलीची एक बाजू वाळतेय. माझी सासरची बाग दिंडोरीला, त्यामुळे काढणी आटोपेपर्यंत हलता आलं नाही. एप्रिल उजाडताच निघाले.

नाशिकहून पनवेल, पनवेलहून अलिबाग, तिथून मुरुड, सगळा प्रवास एसटीने. जाणाऱ्यांनी पहाटेची गाडी धरावी, कारण पनवेलजवळ न्हावा शेवा बंदराकडे निघालेल्या कंटेनरांत बस अडकली की अडकली. त्यातल्या काहींत आमच्याकडचीच द्राक्षं असतात, म्हणून मी फार चिडले नाही. वडखळला पोह्याचे पापड घेतले, अलिबागला पांढऱ्या कांद्याची माळ. पुढच्या गाडीत उजव्या बाजूला बसा, रेवदंड्याचा पूल ओलांडला की समुद्र तुमच्याच खिडकीशी असतो. करवतीची मूठ पिशवीतून डोकावत होती. कंडक्टरने विचारलं, "मावशी, कुणाचं झाड तोडायला निघालात?"

"बापाचं," मी म्हणाले. मग त्याने तिकीट दिलं.

ताईने सुरमई तळून ठेवली होती, पण मी आधी अंगणात गेले. दाजींचं निदान तयार होतं, "खाऱ्या वाऱ्यानं करपली हाय." शेजारणीच्या मते पाणी कमी पडलं. पण पाणी कमी पडलं तर सगळीच वेल मान टाकते. इथे मांडवावरचा वेलीचा एक हात, म्हणजे आडवी फांदी, पार वाळला होता, तर दुसऱ्यावर पानं फुटली होती ती पिवळट, आखडलेली आणि बोटाच्या पेराएवढी. खोडकिड्याचं भोक कुठे नव्हतं, भुसाही नव्हता. मी वाळका हात आडवा कापला. आतल्या फिक्या लाकडात भाकरीच्या चतकोरासारखा तपकिरी डाग होता. हा डाग मी आमच्या दिंडोरीच्या बागेत पाहिलाय. ही लाकडातली बुरशी छाटणीच्या ओल्या जखमेतून आत शिरते आणि वर्षानुवर्षं गुपचूप खाली उतरत राहते.

छाटणी कधी करतेस, असं मी ताईला विचारलं. ती अभिमानाने म्हणाली की दसरा झाला की लगेच, बाबा करायचे तशीच, एक वर्ष चुकवलं नाही. बाबांच्या बागेत तोवर कोरडं व्हायचं. मुरुडला तेव्हाही पाऊस येऊन जातो. ओल्या जखमेतून बुरशी शिरते, एवढंच मी म्हणाले, आणि ताईला कळलं.

"म्हणजे मीच मारली का गं?"

"पावसाने मारली," मी म्हणाले. मला फार वाईट वाटलं. दोघींनाही जेवण गेलं नाही.

सकाळी कापायला घेतलं. कलमाच्या गाठीच्या वर कुठेही स्वच्छ लाकूड लागलं तर तिथून नवा फुटवा येतो आणि बाबांचं द्राक्ष वाचतं. गाठीखाली उरतो तो नुसता जंगली खुंट. छातीच्या उंचीवर कापलं, डाग. गुडघ्याशी कापलं, डाग आणखी मोठा. प्रत्येक वेळी करवत स्पिरिटने पुसत होते आणि ताई खोड धरून होती. गाठीच्या वर वीतभर कापलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. तिथेही तपकिरीच. शेवटी गाठीखाली कापलं, तिथे लाकूड लख्ख निघालं. काड्यांपासून रोपं करावीत म्हटलं तर त्याही आतून डागाळलेल्या होत्या. ताई पायरीवर बसून रडली. दाजींनी सगळं लाकूड दूर नेऊन जाळलं.

जंजिऱ्याला जाण्यासाठी राजपुरीहून होड्या सुटतात. दाजी चला म्हणाले, पण माझं मन झालं नाही. तुम्ही जरूर जा.

परतल्यावर आमच्या बागेत काढणीनंतरची उन्हाळी छाटणी लागली. यंदा एकेका जखमेवर मी स्वतः उभी राहून बुरशीनाशकाचा लेप लावून घेतला, मजुरांनी कितीही नाकं मुरडली तरी. पुढे ताईचा फोन आला की खुंटाला कोंब फुटलाय. मी म्हटलं, पावसाळा सरला की येते आणि आमच्या बागेतल्या चांगल्या द्राक्षाचं कलम भरून देते, कारण त्या जंगलीला फळ लागायचं नाही.

"नको," ताई म्हणाली. "तशीही आंबटच यायची. आणि हा खुंट बाबांच्याच हातचा आहे ना, तो वाढू दे आता."