एका कात्रीसाठी धावडा ते जालना, आणि बापूंचं डोकं

मॅडमचा फोन आला तेव्हा मी मेंढरांच्या वाड्यात लेंड्या झाडत होते. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात फोन.

"सोमवारी ये. सोमवारी आमचं सलून बंद असतं, निवांत बघता येतं. कात्री तुझी स्वतःची पाहिजे. आणि डोकं पण तूच आण."

"डोकं?"

"अगं, ज्याचे केस कापणार तो माणूस! मी कुठून आणू? आणि ती क्लासातली कात्री आणू नको. मागच्या वेळी बघितली मी ती."

खराटा हातातून पडलाच. जालन्यातलं एवढं मोठं सलून, बाया आणि पुरुष दोघांचंही, आणि तिथल्या मॅडम मला कामावर घ्यायला हात बघायला बोलावतात! मी धावड्याची, भोकरदन तालुक्यातली. भोकरदनला सहा महिन्यांचा पार्लरचा कोर्स केला, त्याला वर्ष उलटून गेलं. गावातल्या बाया माझ्याकडे भुवया कोरायला येतात, नवरीच्या मेकअपला नेतात. पण केस कापायला? एक नाही! लांब केसांना कात्री लावायची म्हटलं की घरोघरी सासवा उठून बसतात. हात शिकला होता आणि डोकी नव्हती. आणखी वर्ष असंच गेलं असतं तर शिकलेलं सगळं विसरायला झालं असतं. म्हणून सांगते, हा सोमवार माझ्यासाठी लई मोठा होता.

रविवारी सकाळच्या एसटीनं निघाले. सोबत बापू, म्हणजे माझे वडील. मी नको म्हणत होते.

"लोखंडाची चीज घ्यायची आन् मी न्हाई? जनम गेला माझा कातरण्यात!" बापू म्हणाले. आमचं घराणंच मेंढरंवाल्यांचं. बापूंची मोठी कातर अख्ख्या शिवारात नावाजलेली, कातरणीच्या दिवसांत लोक त्यांना न्यायला यायचे. मंग काय, फेटा बांधून माझ्याआधी तेच स्टँडवर हजर.

जाणाऱ्यांसाठी सांगते. धावड्याहून भोकरदनपर्यंत गाडी हाडं मोकळी करते, पुढे राजूरवरून जालन्याचा रस्ता बरा आहे. बायांना अर्धं तिकीट, बापूंनाही वयामुळे अर्धं, त्यामुळे दोघांत मिळून एकच तिकीट पडलं. भोकरदनला चहा प्या, भजी खाऊ नका; तेल कधीचं होतं देव जाणे. आणि रविवारी जात असाल तर लवकर जा, दुकानं दुपारी शटर ओढतात.

पार्लरच्या सामानाचं ते दुकान जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. रिक्षा आत जात नाही, गाठोडी आणि मोटरसायकली चुकवत चालावं लागतं. दुकानवाले भाई पोटानं मोठे आणि बोलायला गोड. मी म्हटलं, केस कापायची चांगली कात्री दाखवा. त्यांनी काचेवर मखमल अंथरली आणि एकेक मांडायला सुरुवात केली.

पहिली दीडशेची. ही मला माहीत होती, क्लासात हीच होती. दुसरी साडेचारशेची, जाडजूड, वजनदार. तिसरी दोन हजाराची. चौथी सहा हजाराची. पाचवी त्यांनी डबीतून काढली, हातात दिली नाही, लांबूनच दाखवली आणि म्हणाले, "ये बावीस हजार की."

बावीस हजार! अगं बाई गं, कात्री आहे का दुभती म्हैस! माझ्या तोंडाचा आ मिटेना. बापू तर दोन पावलं मागे सरले, जणू तिच्याकडे बघायचेही पैसे पडतील.

"भाई, पाते तर दोनच हायत न्हवं हिला?"

"दोनच, चाचा."

"मंग?"

या 'मंग'चं उत्तर भाईंनी मला अर्धा तास दिलं आणि ते तुमच्या कामाचं आहे. दीडशेची कात्री साध्या पत्र्याची, चार-सहा डोकी झाली की केस कापायचं सोडून दुमडायला लागते. साडेचारशेचीला धार आहे, पण अंगठ्याची कडी आणि बोटाची कडी समोरासमोर, त्यामुळे अंगठा दिवसभर वाकडा राहतो. दोन हजारापासून स्टील चांगलं लागतं, अंगठ्याची कडी जरा पुढे सरकवलेली असते, करंगळीला टेकायला शेपूट असते. सहा हजाराच्या पुढे धारच वेगळी. पातं बाहेरून किंचित फुगीर असतं आणि आतून पोकळ, दोन्ही पाती नुसत्या कडांनी एकमेकींना लागतात. त्यामुळे आवाज होत नाही आणि केस ओढला जात नाही. भाईंनी पातळ कागद ओला केला आणि सहा हजाराच्या कात्रीनं सर्रकन कापला. तोच कागद दीडशेच्या कात्रीत गेला आणि चिंधी होऊन बाहेर आला.

"कागद काय बघायचा!" बापूंनी बंडीच्या खिशात हात घातला आणि लोकरीचा पुंजका काढला. घरून आणला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाईंचा हात हवेतच थांबला. बापूंनी त्यांना विचारलंसुद्धा नाही, एकेक कात्री उचलून लोकरीवर चालवली. साडेचारशेचीनं पुंजक्याचे दोन तुकडे केले. सहा हजाराचीवरून लोकर निसटली.

"बग, सरकून राह्यली. ही जाडी घे. बिलकुल बराबर हाय."

"बापू, मला मेंढरं नाही कातरायची!"

"केसंच हायत की."

भाईंनी घाईघाईनं सहा हजाराची पुसून आत ठेवली आणि मी ती परत बाहेर काढायला लावली. भुवयांचे साठवलेले पैसे सगळे त्यातच गेले. भाईंनी मऊ कापड दिलं, तेलाची कुपी दिली, आणि बजावलं की धार गेली तर आपल्या हातानं काही करायचं नाही, इकडे आणून द्यायची. हे मी ऐकलं. बापू तेव्हा दाराशी उभे राहून धान्याच्या पोत्यांचा भाव विचारत होते.

मंग स्टँडजवळ पुरीभाजी खाल्ली. भाजी तिखट, पुऱ्या गरम, वर मागाल तेवढा कांदा. परतीच्या गाडीत मी डबी तीनदा उघडली. बापू म्हणाले, "जास्त उघडू नगं, नजर लागंल."

सोमवारी सकाळी मला जाग आली ती आवाजानं. खर्र, खर्र, खर्र. आमच्या घरात या आवाजाला कुणी दचकत नाही. मीही कूस बदलली. आणि मंग ताडकन उठून बसले, कारण कातरणीचे दिवस नव्हते.

बापू ओट्यावर उकिडवे बसले होते. समोर पाण्यानं भिजवलेला दगड. माझ्या कात्रीचा स्क्रू काढून बाजूला ठेवला होता. एक पातं उन्हात चमकत होतं, आणि दुसरं दगडावर. बाहेरून घासून झालं होतं, आता आतून चाललं होतं.

  मी मटकन उंबऱ्यावरच बसले.

"उठली? बरं झालं." बापूंनी पातं अंगठ्यावर तपासलं. "दुकानातली धार कच्ची आसती. आपल्यात नवी कातर तशीच लावत न्हाईत कधी. घरातल्या मोठ्या माणसानं आधी दगडावर फिरवायची, मंगच ती जनावराला लागंल. माझ्या बापानं मला दिली तवा अशीच फिरवून दिल्ती. तुझी बी पयली कात्री. म्हनलं, पोरगी उठायच्या आत करून ठेवावं."

पहाटे उठून बसले होते ते. बोटं पाण्यानं सुरकुतली होती. स्क्रू जागेवर बसवला, धोतरानं कात्री पुसली आणि दोन्ही हातांनी मला दिली.

मी आत गेले, आरशासमोर उभी राहिले आणि माझ्याच वेणीच्या टोकाची चार केसं कात्रीत धरली. केसं दुमडली. परत धरली. परत दुमडली.  बाहेर जाऊन बापूंना काय सांगू? रागही येत होता आणि रडूही येत होतं.

तेवढ्यात फोन. माझी मैत्रीण मनीषा, जिचं डोकं मी नेणार होते. "सासूबाई न्हाई म्हनतात गं. केसांना हात लावला तर घरात घेणार न्हाईत म्हनल्या."

म्हणजे कात्री गेली आणि डोकंही गेलं. गाडीला अर्धा तास होता. मी ओट्यावर येऊन हे एवढंच बोलले की मनीषा येत नाही. कात्रीचं बोलणारच होते. पण बापू उठले आणि म्हणाले, "काहून रडून राह्यली? माझं डोकं हाय की."

मंग कसं सांगणार होते मी?

नव्या जालन्यातलं ते सलून. शटर अर्धं वर. आत थंडगार, चारी बाजूंनी आरसे. बापू दारातच चपला काढून थांबले. मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि भुवई उडवली. "हे डोकं?"

"माझे वडील आहेत."

"बसा, काका."

बापूंनी फेटा उतरवला. आता तुम्हाला वाटेल यात काय एवढं. माझ्या बापाला मी घराबाहेर उघड्या डोक्यानं कधी, कुठं पाहिलं नव्हतं. मयतीला गेले तरी फेटा. आणि इथं परक्या बाईसमोर, चारी आरशांत, ते पांढऱ्या विरळ केसांचं डोकं. फेटा मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवून बसले. 

पाणी मारलं, भांग पाडला, मानेवरची पहिली बट बोटांत धरली आणि कात्री मिटली. कर्र. केस कापलेच नाहीत, पात्यांत अडकले. मी कात्री उघडायच्या ऐवजी ओढली. बापूंचे खांदे वर गेले, पण तोंडातून आवाज नाही. दुसरी बट. परत तेच. आरशात त्यांचे डोळे पाण्यानं भरलेले दिसले, ते समोर बघत होते.

"थांब," मॅडम म्हणाल्या. त्यांनी कात्री घेतली, दिव्याखाली धरली, आणि त्यांचा चेहरा पडला. "अगं ए! ही कुणी दगडावर घासली?"

"मीच," मी म्हटलं.

"म्या घासली," बापू म्हणाले. "तिचा काही गुन्हा न्हाई."

 मॅडम खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. बापूंनी आरशातूनच माझ्याकडे बघितलं.

"खराब झाली का गं?"

"हो, बापू."

"सकाळीच कळलं व्हतं तुला?"

मी मान हलवली.  बापू फेट्याची कड बोटांनी सरळ करत राहिले.

मॅडमनी कुलपातला ड्रॉवर उघडला. आतून निघाली तशीच, कालच्या डबीतल्या पाचवीसारखी कात्री. बावीस हजारवाली! "धर. पडली तर मी तुला सोडणार नाही. आणि माझ्याकडे बघू नको, त्यांच्याकडे बघ."

मी कापलं. आवाज आला नाही. केस कधी सुटून खाली पडत होते तेच कळत नव्हतं. मी भीतभीत विचारलं, "बापू, ओढतंय का?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि मॅडम ओरडल्या, "काका, हलू नका!" कानामागचं झालं, मानेवरचं झालं, कपाळावरचं झालं. माझा हात शिकलेलं काही विसरला नव्हता, हे मला तिथं उभं राहून कळलं.

मॅडमनी कंगवा फिरवून दोन्ही बाजू मापल्या. मागची एक बट वर-खाली आहे म्हणाल्या, ती करून घेतली. मंग म्हणाल्या, "उद्यापासून ये. पहिला महिना माझी दोन हजारवाली वापर. आणि कात्री घरी न्यायची नाही. कळलं?"

मला कळलं. हसू का रडू तेच कळेना. बापूंनी मॅडमना हात जोडले आणि दाराबाहेर जाऊन फेटा बांधला.

तुम्ही कात्री घ्यायला निघाला असाल तर माझं ऐका. शिकणाऱ्या बाईनं दोन हजाराची घ्यावी, तिच्यावर हात बसू द्यावा. सहा हजाराची घ्यायची तर डबी कुणाच्या हाती पडणार नाही अशी जागा आधी शोधावी. बावीस हजाराची मी अजून घेतलेली नाही, पण हातात धरली आहे, आणि आता बाकीच्या सगळ्या जड लागतात. माझी सहा हजाराची भाईंकडे नेऊन दाखवली.  कंपनीत पाठवून नवी धार चढेल म्हणाले, पण पातं बारीक होईल, पहिल्यासारखी होणार नाही. मी पाठवली नाही. घरी आहे.

त्या सोमवारी परतीच्या गाडीत बापू खिडकीकडं तोंड करून बसले. राजूर गेलं, भोकरदन गेलं. मला वाटलं, सहा हजार पाण्यात गेले म्हणून मनाला लागलं असेल, किंवा परक्या बाईसमोर फेटा उतरवावा लागला म्हणून. घरी पोचलो तर मेंढरं नुकतीच चरून आली होती. बापूंनी आईला सांगितलं, "पोरीला काम लागलं," आणि सरळ वाड्यात गेले. मी चहा घेऊन मागे गेले. ते एका म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. दुसरा हात स्वतःच्या मानेवर, जिथं कात्री ओढली होती तिथं.

"जनम गेला कातरण्यात," ते म्हणाले. "एक बी मेंढी कधी बोलली न्हाई."