गजऱ्याचा कप्पा

म्हैसुरात मार्केटिंग हा शब्द रुजण्याच्या कितीतरी आधी आमच्या थोरल्या काकांना त्याची बाधा झाली होती, आणि ती शेवटपर्यंत उतरली नाही. देवराज मोहल्ल्यातल्या एका कापडदुकानात त्यांनी तीस वर्षे गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडल्या. पण एखादीला साडी शोभणार नाही असे वाटले, की "अम्मा, ही नक्को, ह्यात तुम्ही आजारी दिसता" असे तोंडावर सांगून मोकळे! मालक कपाळाला हात लावी. ती बाई मात्र पुढच्या सणाला काकांनाच शोधत येई. निवृत्त झाल्यावर ते लोकांच्या पिशव्या बघत हिंडू लागले. बसमध्ये, रेशनच्या रांगेत, देवळाच्या पायरीवर, कुणाही अनोळखी बाईला थांबवून विचारायचे, "अम्मा, ही पिशवी आधी कुठे फाटते?" एकदा एकीला ते पाकीटमार वाटले आणि प्रकरण पोलीसचौकीवर गेले. आम्ही धावत पोचलो, तर काका हवालदाराच्याच डब्याची पिशवी उलटी करून तिचा डावा बंद का उसवतो ते त्याला समजावत होते.

ह्या संशोधनाचे कारण आम्ही होतो. मी सोळा वर्षांची, चुलतबहीण शांता पंधराची. आमचे पूर्वज रंगारी, त्यामुळे छपाईचे लाकडी ठसे घरात पडून होते. आत्याचे शिलाई मशीन मागून आणून आम्ही कोयऱ्या छापलेल्या चाळीस बाजारपिशव्या शिवल्या. वडिलांनी बजावले होते, दसऱ्यापर्यंत पिशव्या खपल्या तर मशीन विकत घेऊन देतो, नाहीतर ते आत्याकडे परत आणि मी टायपिंगच्या क्लासला. मला जन्मभर मशीनवर बसायचे होते, दुसरे काही नको होते.

एकही पिशवी खपली नाही. बायका हातात घेत, "किती छान!" म्हणत आणि खाली ठेवत. काका म्हणाले, "छान म्हणून ठेवली म्हणजे गरज नाही बघ. गरज असली की माणूस आधी खोट काढतो." मग त्यांनी आम्हांला तीन दिवस सकाळी बाजाराच्या दाराशी रिकाम्या हातांनी उभे केले. विकायचे नाही, बोलायचे नाही, सुम्ने, म्हणजे नुसते, बघायचे. तिसऱ्या दिवशी शांता म्हणाली, "काका, सगळ्यांचे गजरे भाजीखाली चुरगळतात की!" काकांनी भर रस्त्यात तिला नमस्कार केला आणि घरी येऊन हुकूम सोडला, "उसवा!" नवरात्र बसायला चार दिवस उरले असताना चाळीसच्या चाळीस पिशव्या उसवून आत वरच्या बाजूला गजऱ्याचा कप्पा लावायचा होता. मी रडायला लागले. "रड की ग," काका म्हणाले, "पण हाताने उसवत रड."

कप्पे झाले, पण ते लोकांना कळणार कसे? ओरडून विकणे काकांना मंजूर नव्हते. त्यांनी एक पिशवी स्वतः उचलली, रोज सकाळी बाजारातून गजरा घ्यायचा, कप्प्यातून थोडा बाहेर दिसेल असा ठेवायचा आणि सगळा मोहल्ला फिरून यायचे. एक गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नाही. काकूला जाऊन सहा वर्षे झाली होती, आणि विधुर माणूस रोज गजरा घेऊन निघाला होता! तिसऱ्या माळेला आमच्या सगळ्या मराठी घरांत कुजबुज सुरू झाली. पाचव्या दिवशी समाजातले दोन वडीलधारे आले आणि कॉफी पिता पिता वडिलांना म्हणाले, "थोरल्यांचं ह्या वयात काही ठरलंय काय?" वडील लालबुंद झाले. पाठोपाठ बायका आल्या. नवरात्रात घरोघरी मांडतात त्या बाहुल्या बघायचे निमित्त, पण एकीचेही बाहुल्यांकडे लक्ष नव्हते. शेवटी एकीने धीर केला, "गजरा कोणासाठी हो?" काकांनी पिशवी तिच्यापुढे उघडून धरली. "कोणासाठी ते राहू दे अम्मा, चुरगळलाय काय बघा!"

तिने बघितले, आणि दोन पिशव्या घेतल्या. तिचे बघून बाकीच्यांनीही घेतल्या, आणि तीन दिवसांत काकांची सोडून सगळ्या खपल्या. खंडेनवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, मशीनला हळदकुंकू लागले ते आमच्याच घरात, आमचे म्हणून. मी काकांच्या पाया पडले.

दसरा झाला, पिशव्या संपल्या, तरी काकांचा गजरा थांबेना. मी विचारले, "काका, आता कशाला?" ते जरा वेळ चप्पल शोधत राहिले. "ती फूलवाली नवी आहे ग. पहिल्या दिवशी विचारली, 'मनेयवरु चेन्नागिद्दारा?' घरच्या बाई बऱ्या आहेत काय म्हणून. मी गडबडीत हो म्हणून बसलो. आता रोज विचारते." मग हळूच म्हणाले, "दिवसातून एकदा तेवढं म्हणायला बरं वाटतंय."

काका गेले त्याच्या पंधरवड्याने मी त्यांची पिशवी घेऊन बाजारात गेले. फूलवालीने पिशवी ओळखली. पिशवीवाले यजमान बरेच दिवस आले नाहीत, ते नि घरच्या बाई दोघे बरे आहेत ना, असे तिने गजरा बांधता बांधता विचारले. मी म्हणाले, "हो अम्मा, दोघेही बरे आहेत."